घंटी झाल्याशिवाय गाडी हलत नाही

वेल्ह्याच्या बाजारात खतांच्या दुकानाच्या वर माझा स्टुडिओ आहे. खाली युरिया, वर मी. पाटीवर अजून ‘लग्न, साखरपुडा, बारसे : व्हिडिओ शूटिंग’ असंच लिहिलेलं आहे. पाटी बदलायची तर नव्या धंद्याला नाव द्यावं लागेल आणि ते मला अद्याप सुचलेलं नाही. लोक मोबाईलवर किंवा कॉम्प्युटरवर गेम खेळतात, त्या खेळाचा व्हिडिओ होतो, तो मी कापतो, जोडतो, त्यावर आवाज बसवतो आणि जगाने बघावा म्हणून इंटरनेटवर सोडतो. हे मी बायकोच्या मामांना एकदा सविस्तर समजावून सांगितलं. सगळं ऐकून ते म्हणाले, "म्हंजे खेळनार एक, बगनार दुसरा, आन् मधी तू." धंद्याची याहून नेमकी व्याख्या मी अजून वाचलेली नाही.

यात शिकण्यासारखं काय, असं कुणी विचारेल. आहे थोडंफार. पडद्यावर जे चाललंय ते जसंच्या तसं टिपणारा एक प्रोग्रॅम कॉम्प्युटरमध्ये असतो. खेळणाऱ्याचा आवाज वेगळा घेतात आणि हौस असेल तर त्याचा चेहराही दुसऱ्या कॅमेऱ्याने घेतात. मग सगळं एकावर एक बसवायचं. पडदाभर खेळ, आणि कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत खेळणाऱ्याचं तोंड. बराच वेळ खेळलं की त्यातलं बघण्याजोगं थोडंसंच निघतं. उरलेल्या वेळात माणूस नुसता चालत असतो, वाट बघत असतो, नाहीतर नाक खाजवत असतो. ते कापायचं. पहिला नियम असा की व्हिडिओ कुठेही थांबता कामा नये. थांबला की बघणाऱ्याचा अंगठा हलतो आणि तो दुसरीकडे निघून जातो. तो अंगठा हलू न देणं यावर माझं पोट आहे.

गिऱ्हाइकं सगळ्या तऱ्हेची येतात. कामथडीचा एक तरुण स्वतःला ‘सरकार’ म्हणवून घेतो. विमानातून उडी मारून बंदुकांनी लढायचा खेळ तो खेळतो. त्याला व्हिडिओच्या सुरुवातीला ज्वाळा हव्या होत्या, ज्वाळांतून सिंह, आणि सिंहाच्या डरकाळीतून त्याचं नाव. मी करून दिलं. अडचण एवढीच की डरकाळीला जेवढा वेळ लागे त्याच्या निम्म्या वेळात सरकार खेळात मारले जात. "काका, डरकाळी वाढवा," तो म्हणाला. आपल्याकडचे बरेचसे सत्कार याच तत्त्वावर चालतात, म्हणून मी वाढवली. दुसरे एक गणिताचे निवृत्त सर. ते ऑनलाइन बुद्धिबळ खेळायचे आणि हरलेले डाव कापायला लावायचे. पुढे जिंकलेल्या डावांतल्या चुकाही कापायला सांगू लागले. शेवटी शेवटी समोरचा माणूस सरांना नुसतं बघूनच डाव सोडतोय असं दिसायला लागलं. सर समाधानी होते.

पण मला लिहायचं आहे ते सोपानअण्णांबद्दल. त्यांनी मला काहीच कापू दिलं नाही.

अण्णांना घेऊन आली त्यांची सून वैशाली. तिचं तहसील कचेरीसमोर झेरॉक्सचं दुकान आहे, घर मार्गासनीला. अण्णा एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. ते खाली खतवाल्याशी बोलत थांबले, तेवढ्यात तिने वर येऊन सगळं सांगून टाकलं.

"दादा, आमचं अण्णा लई गप झाल्यात. दिवसभर मोबाईलवर बसचा गेम खेळत्यात. रस्त्यानं खरी एसटी गेली की घड्याळ बगत्यात आन् म्हनत्यात, लेट. तेवढंच बोलत्यात. तुमच्याकडं म्हनं गेमचं स्टेरिंग हाय. एकदा त्यांच्या हातात द्या."

मग तिने खरं कारण सांगितलं. ड्रायव्हर निवृत्त होतो त्या दिवशी सोबतचे लोक त्याच्या गाडीला झेंडूच्या माळा बांधतात, नारळ फोडतात, घरची माणसं गाडीत बसतात आणि तो आपल्या रोजच्या रस्त्यावर शेवटची फेरी मारतो. अण्णांच्या वाट्याला ती आली नाही. त्याआधीच साखरेने त्यांची नजर कमी झाली, तपासणीत ते नापास झाले आणि त्यांना गाडीवरून उतरवून आवारातलं काम मिळालं. नियम योग्यच आहे. कमी दिसणाऱ्या माणसाच्या गाडीत मीही बसणार नाही. निवृत्तीच्या दिवशी शाल, श्रीफळ आणि भाषणं झाली. एका पाहुण्यांनी अण्णांचा ‘उत्कृष्ट वाहक’ म्हणून गौरव केला. वाहक म्हणजे कंडक्टर. अण्णा उभा जन्म चालक होते. त्यांनी नारळ घेतला आणि नमस्कार केला.

"शेवटच्या फेरीला गाडीत बसायचं म्हनून मी नवी साडी घेतली व्हती," वैशाली म्हणाली. "घडीसुदीक मोडली न्हाई अजून."

अण्णा वर आले, टेबलाला लावलेलं स्टिअरिंग त्यांनी दोन्ही हातांनी चाचपलं आणि माझ्याकडे बघितलं.

"ह्ये काय रं दिलीप, जेवायचं ताट?"

"गेमचं एवढंच असतं, अण्णा."

"एसटीचं स्टेरिंग म्हंजे परात असतीया परात. लग्नाचं पीठ मळावं त्यात."

तरी ते बसले. खुर्ची त्यांना खाली वाटली, म्हणून लोकांनी न नेलेल्या लग्नाच्या अल्बमांची चळत मी खुर्चीवर रचली. त्या अल्बमांचा एवढा उपयोग प्रथमच झाला. समोर भिंतीवरचा मोठा टीव्ही. चष्मा लावून त्यांना तो नीट दिसत होता. खेळातल्या बसला एसटीचा लाल रंग चढवायची सोय कुणा भल्या माणसाने करून ठेवली आहे, ती मी घेतली. रस्ता मात्र परदेशातलाच राहिला. एका बाजूला निळा समुद्र, दुसऱ्या बाजूला ताडासारखी झाडं.

पहिल्या थांब्यावर गाडी उभी राहिली, ती राहिलीच. मला वाटलं कॉम्प्युटर अडकला.

"अण्णा, निघा की."

"निघा काय निघा? घंटी कुठं झालीया?"

त्या खेळात ड्रायव्हर आहे, पॅसेंजर आहेत, सिग्नल आहे, पाऊससुद्धा आहे, कंडक्टर नाही. आणि अण्णांनी आयुष्यात घंटी ऐकल्याशिवाय गाडी हलवलेली नव्हती. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. पायरीवर कुणाचा पाय आहे, कुणाचं पोतं अजून खाली आहे, हे ड्रायव्हरला दिसत नाही. ते ज्याला दिसतं त्याने सांगायचं आणि मगच निघायचं. शेवटी मी चहाचा स्टीलचा ग्लास उचलला आणि चमच्याने दोनदा वाजवला. अण्णांनी ताबडतोब गिअर टाकला. अशा रीतीने मी कुठलीही परीक्षा न देता कंडक्टर झालो.

पुढचा थांबा आल्यावर अण्णा म्हणाले, "ह्ये कामथडी."

खिडकीबाहेर लाटा दिसत होत्या. मी म्हणालो, "कामथडीला समुद्र कधी आला, अण्णा?"

"पाऊस झाला आसंल लई."

मी त्या फेरीचा व्हिडिओ धंद्याच्या नियमाने केला. थांबे कापले, वळणं जोडली, खाली जरा ढोल-ताशा टाकला. गाडी नुसती सुसाट धावत होती. अण्णांनी तो शेवटपर्यंत बघितला.

"थांबली कुठं?"

"थांबली ना. तेवढं कापलं."

"आन् मानसं?"

"कुठली माणसं?"

"कामथडीच्या फाट्यावर उभी व्हती ती. ती चढली कवा?"

"अण्णा, गाडी उभी राहिली की बघणाऱ्याला कंटाळा येतो."

"आन् फाट्यावर उभं ऱ्हायलेल्याला येत न्हाई व्हय? थांबा न घेता गाडी दामटतो त्याला डायवर न्हाई म्हनत, दिलीप. त्याला टेम्पोवाला म्हनत्यात."

मग त्यांनी आपली मागणी सांगितली. "मला एकच फेरी मारायचीय. भोर ते वेल्हं. समदं थांबं घ्यून. कुठं घासायची न्हाई आन् कुठं कापायची न्हाई. माज्या घरची बसतील, बाकीच्यांना बसायचं तर तेबी बसतील तुज्या त्या इंटरनेटवर. तेवढी करून दे. मग तुज्या कात्रीला माजा रामराम."

ऐकायला सोपं वाटतं. पण खेळातल्या मोटारींना अण्णांचा स्वभाव ठाऊक नव्हता. बस थांब्यावर घंटीची वाट बघत उभी राहिली की मागची मोटार कंटाळून येऊन आदळायची आणि पडद्यावर लाल अक्षरांत अपघाताची नोंद होऊन अण्णांचे मार्क कापले जायचे. असं पहिल्यांदा झालं तेव्हा अण्णा खुर्चीतून उठलेच.

"उभ्या गाडीला मागनं ठोकली! आन् मार्क माजे कापतोय?"

"खेळ आहे, अण्णा. चला पुढे."

"पुढं कुठं? पंचनामा झाल्याबिगर जागा सोडायची न्हाई."

त्यांनी हँडब्रेक ओढला आणि हाताची घडी घातली. मागे परदेशी मोटारींची रांग लागली, भोंगे वाजू लागले. साक्षीदार म्हणून मी माझा जबाब दिला की चूक मोटारीची होती. तो त्यांनी ऐकून घेतला, पण फेरी मोडली ती मोडली. "परत भोरवरनं," ते म्हणाले. असं बऱ्याचदा झालं. कधी मागची मोटार आदळे, कधी अण्णांच्याच बसचा आरसा कुठेतरी घासे. दर वेळी मी म्हणायचो, एवढा तुकडा जोडून देतो, आणि दर वेळी ते म्हणायचे, "परत भोरवरनं." मी दुसरी कामं मागे टाकून ग्लास वाजवत बसायचो, यावर माझी बायको काय म्हणाली ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही.

मग अण्णांनी मुहूर्त काढला. "सोमवारी मारायची. घासली तर नशीब, पर परत न्हाई मारायची. शेवटची म्हंजे शेवटची."

सोमवारी सकाळी वैशाली ती नवी साडी नेसून आली. बरोबर झेंडूची माळ. ती आम्ही टीव्हीला घातली; आमच्याकडे माळ घातलेली चौकट म्हटली की आत फोटो कुणाचा ते विचारायची गरज नसते, म्हणून मी ती जरा तिरकी केली. नारळ कॉम्प्युटरजवळ फोडायला मी नकार दिला, तो खाली खताच्या दुकानाच्या पायरीवर फुटला. तिने आपला मोबाईल टीव्हीखालच्या फळीवर टेकवून ठेवला, तोंड अण्णांकडे. नवरा पुण्याला कंपनीत, त्याला दाखवायचं म्हणून.

आणि भोरवरून भीमराव आले. अण्णांच्या गाडीवरचे जुने कंडक्टर, काटकुळे, खिशाला अजून पेन.

"उशीर केला, कंडक्टर," अण्णा म्हणाले.

"तुमच्या जागी आलेल्या डायवरनं केला. बाई हात करती तितं थांबतोय. तुमी निदान थांब्यावर तरी थांबायचा."

मी घंटीचा ग्लास पुढे केला. त्यांनी एकदा वाजवून बघितला.

"ही घंटी व्हय? आरती करताय का हितं?"

मग त्यांनी माझ्या डब्याची झाकणं, ताटली, कॅमेऱ्याचा स्टँड असं सगळं वाजवून बघितलं आणि डब्याच्या एका झाकणाला पसंती दिली. "हां. हिला आवाज हाय. मागच्या सीटवर झोपलेलं उठंल."

मी पडद्याचं रेकॉर्डिंग लावलं. दोन घंट्या झाल्या आणि गाडी भोरहून निघाली.

भीमराव अण्णांच्या पाठीशी उभे होते, तोंड मागे, रिकाम्या खोलीकडे. "चला, पुढं सरका, दारात गर्दी नको. ओ चष्मेवाले, पुढं सरका म्हन्लं ना." चष्मेवाला मीच होतो. मी सरकलो. कापूरहोळ झालं, समुद्राकाठचं कामथडी झालं. मागच्या मोटारी त्या दिवशी शहाण्यासारख्या वागल्या. कदाचित भीमराव दर थांब्यावर मागच्यांना हात दाखवत होते म्हणून असेल. मी खात्रीने काही सांगत नाही.

"नसरापूर," अण्णा म्हणाले. "चा."

त्यांनी हँडब्रेक ओढला आणि ते उठले.

"अण्णा, खेळ चालू आहे," मी म्हणालो.

"गाडी उभी हाय. कुठं पळून जातीया?"

नसरापूरला चहा घेतल्याशिवाय ही जोडी कधी पुढे गेली नव्हती. आम्ही सगळे खाली उतरलो. वैशालीने जाताना मोबाईल बंद केला, मी मात्र रेकॉर्डिंगला हात लावला नाही. अखंड फेरी, कुठे कापायची नाही, असं ठरलं होतं. चहा झाला. कधीकाळच्या एका बदलीचा विषय निघाला, त्यावर वाद झाला, म्हणून दुसरा चहा झाला. वर आलो तेव्हा लाल गाडी समुद्राकाठी मुकाट उभी होती. भीमरावांनी नजरेने पॅसेंजर मोजले. वैशालीने मोबाईल परत लावला. दोन घंट्या.

मार्गासनीला अण्णा म्हणाले, "घर आलं," आणि वैशालीने खरोखर खिडकीबाहेर बघितलं. पुढे विंझर. आणि मग वेल्हं. गाडी कुठेही घासली नाही.

अण्णांनी इंजिन बंद केलं. मी टाळ्या वाजवायला हात उचलले, पण भीमरावांनी मला खुणेने थांबवलं. अण्णा जागेवरच होते. मान डावीकडे, जिथे खऱ्या गाडीला दाराकडचा आरसा असतो. तिथे माझ्या भिंतीवर कॅलेंडर आहे. माणसं उतरत होती. सगळ्यात शेवटी ड्रायव्हर उतरतो, आणि तोही कंडक्टरने मागच्या सीटपर्यंत जाऊन बघितल्यावर, कारण मागे कोणीतरी झोपून राहिलेलं असतं. भीमराव स्टुडिओच्या मागच्या टोकापर्यंत चालत गेले. फोटोसाठी टांगलेला हिमालयाचा पडदा बाजूला करून त्यांनी आत बघितलं. मग परत आले.

"गाडी रिकामी, डायवरसाहेब."

तेव्हा अण्णा उठले.

पेढे खाऊन झाल्यावर मी रेकॉर्डिंग बघायला बसलो. ते नसरापूरलाच थांबलं होतं. कॉम्प्युटरमधली जागा संपली होती. भोर ते नसरापूर सगळं होतं, त्यानंतर समुद्राकाठी उभी असलेली एक बस, उभीच, उभीच, आणि दुसऱ्या चहाच्या सुमारास अंधार. बिनहालचालीचं चित्र माझ्या कॉम्प्युटरला सहन झालं नाही असं म्हणून मी सुटू शकलो असतो. पण तिघं माझ्याकडे बघत होते, म्हणून सरळ सांगितलं की पुढची फेरी आलेली नाही.

मग मीच म्हणालो, "अण्णा, मी जागा मोकळी करतो. पुन्हा मारू."

"शेवटची फेरी दोनदा मारत न्हाईत," अण्णा म्हणाले आणि चपला शोधू लागले.

भीमराव म्हणाले, "फेरी झाली ना पर? मी व्हतो की गाडीत." पण तेही हळूच म्हणाले.

वैशाली तिथेच उभी होती, नव्या साडीत. "दादा," ती म्हणाली, "माज्या मोबाईलमधी हाय समदं. पर त्यात गाडी न्हाई. नुसतं अण्णाच हायेत."

तो व्हिडिओ मी एकट्याने बघितला. त्यात खेळ कुठेच नाही. जो चेहरा मी इतके दिवस कोपऱ्यातल्या चौकटीत बसवत आलो, तोच पडदाभर आहे. अण्णा वळणावर झुकतात. डोळे आरशात जाऊन येतात, नसलेल्या. थांबा आला की खांदे खाली येतात, आणि मग ते वाट बघतात. नुसती वाट बघतात. काही होत नाही. मग मागून दोन घंट्या येतात आणि त्या चेहऱ्यावर काहीतरी उजाडतं, दर थांब्याला, नव्याने. मी आयुष्यभर लग्नांतून आणि खेळांतून हेच कापत आलो होतो. किती चेहरे त्या कात्रीखाली गेले ते आता मोजता येणार नाही.

मी तो तसाच इंटरनेटवर सोडला. एक जोड आहे, चहाचा. त्याला अण्णांची मंजुरी घेतली. "चा घ्यायला गाडी उभीच असती," ते म्हणाले. ज्वाळा नाहीत, सिंह नाही. कामथडीच्या सरकारांनी व्हिडिओखाली लिहून विचारलं, "काका, गेम कुठाय?" मग बहुधा पुढे बघितला असावा, कारण थोड्या वेळाने त्यांनीच लिहिलं, "आमच्या फाट्यावर थांबल्याबद्दल आभारी आहे." किती लोकांनी बघितला असं अण्णांनी मला विचारलं होतं. मी म्हणालो, "बसायला जागा आहे अजून."

व्हिडिओ बघायला ते एकटेच आले, वेल्ह्यात बाजाराचं काम होतं म्हणून, असं म्हणाले. अल्बमांची चळत अजून खुर्चीवरच होती. तीवर बसले. पहिल्यांदा म्हणाले, "ह्यो म्हातारा कोन?" पडद्यावरचे अण्णा घंटीसाठी थांबले की खुर्चीतले अण्णाही थांबत. घंटी झाली की यांचा पाय जमिनीवर किंचित दाबला जाई. मार्गासनी गेली, विंझर गेलं, वेल्हं आलं. इंजिन बंद झालं, भीमरावांचा आवाज आला, पडद्यावरचे अण्णा उठून निघून गेले आणि फळीवरच्या मोबाईलला फक्त रिकामी खुर्ची दिसत राहिली. मग तीही गेली.

मी टीव्ही बंद केला. खाली खतवाला शटर ओढत होता. अण्णा उठेनात. मान डावीकडे, कॅलेंडरकडे.

मी उठलो, स्टुडिओच्या मागच्या टोकापर्यंत गेलो. हिमालयाचा पडदा बाजूला करून आत बघितलं. नीट बघितलं.

"गाडी रिकामी, अण्णा," मी म्हणालो.

"बरं," ते म्हणाले, आणि उतरले.